ओव्हन नाही, एकच हॉटप्लेट आहे, ख्रिसमस पुडिंग आधीच करून ठेवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात शेअर्ड घरात राहता, एक हॉटप्लेट, कॉमन मायक्रोवेव्ह आणि घरून आणलेला पाच लिटरचा कुकर आहे, आणि २५ डिसेंबरला मैत्रिणीच्या घरी पुडिंग न्यायचंय. येईल की! ओव्हनचं यात कामच नाही, हे मोदकांसारखं उकडायचं प्रकरण आहे, फक्त मोदक पंधरा मिनिटांत होतात आणि हे बाबा सव्वा लिटरचं केलं तर आठ तास घेतं.

मी लेस्टरला शिकत होते तेव्हा पहिल्या वर्षी हौसेने तेच मोठं केलं, साध्या पातेल्यात, आणि सहाव्या तासाला फोनवर बोलत बसले. पाणी आटलं, पातेलं काळं झालं, शेगडी दिवसभर अडवली म्हणून घरातले चिडले ते वेगळंच. तेव्हापासून मी अर्ध्या लिटरच्या आसपासची दोन छोटीच करते. बाजारात पुडिंग बेसिन मिळतं (हात धुवायचं नव्हे, उभट भांडं असतं), नाहीतर कुकरमधला स्टीलचा डबा घ्या.

माझं माप असं: काळे मनुके, बेदाणे आणि करंट्स (अगदी बारीक काळ्या मनुका) मिळून ३५० ग्रॅम, ते संत्र्याच्या रसात नि चार चमचे ब्रँडीत रात्रभर भिजवायचे. मग ९० ग्रॅम सूएट, ९० ग्रॅम ब्रेडचा चुरा, ५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, १५० ग्रॅम डार्क ब्राऊन साखर, दोन अंडी, एक किसलेलं सफरचंद, संत्र्याची किसलेली साल, दालचिनी, जायफळ, लवंग. सूएट घेताना बॉक्स वाचा हं, मूळचं सूएट म्हणजे गाईबैलांची चरबी, पण त्याच शेल्फवर व्हेजिटेबल सूएट पण असतं, आणि तेही नसेल तर बटर फ्रीझरमध्ये कडक करून किसा.

डब्याला तूप लावून मिश्रण काठाच्या दोन बोटं खाली भरा, वरून बेकिंग पेपर आणि फॉइल, मध्ये एक चुणी घालून म्हणजे फुगायला जागा राहते, आणि दोऱ्याने घट्ट बांधा. कुकरच्या तळाला जाळी, पाणी डब्याच्या निम्म्यापर्यंत. पहिली २० मिनिटं शिट्टी लावायची नाही, ढोकळ्याला नाही का लावत तसंच, कारण फुलायच्या आतच प्रेशर आलं तर पुडिंग दगडासारखं होतं. मग शिट्टी लावून अगदी मंद आचेवर दीड तास. आपले कुकर शिट्ट्यांतून बरंच पाणी घालवतात त्यामुळे मध्ये एकदा बंद करून, प्रेशर पूर्ण उतरल्यावर उघडून उकळतं पाणी घाला, हे टाळू नका. दुसरं पुडिंग दुसऱ्या दिवशी केलं तरी चालतं. मायक्रोवेव्हमध्येच शिजवून टाकावं असं वाटेल पण तो काळपट रंग आणि मुरलेली चव येत नाही, टिकतही कमी.

इंग्रज लोक हे अ‍ॅडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाच्या) आधीच्या रविवारी करतात, स्टर-अप संडे म्हणतात त्याला, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, आणि घरातला प्रत्येकजण एकदा ढवळून मनात इच्छा धरतो. गार झालं की ओला कागद बदलून कोरडा लावा आणि कपाटात अंधारात ठेवा, हीटरजवळ नको. साखर, सुका मेवा आणि दारू यामुळे ते टिकतं, दर आठवड्याला चमचाभर ब्रँडी पाजली तर मस्तच.

त्या दिवशी फॉइल काढून, काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात काढून मायक्रोवेव्हच्या मध्यम पॉवरवर चार-पाच मिनिटं, थांबून थांबून, कारण साखर पटकन करपते. जुनी पद्धत म्हणून आत चांदीचं नाणं घालायचं असेल तर गरम केल्यावर खालून सरकवा आणि खाणाऱ्यांना सांगून ठेवा. आणि ब्रँडी ओतून पेटवायचा कार्यक्रम मैत्रिणीकडेच करा, तुमच्या किचनमध्ये स्मोक अलार्म असणार, आमच्याकडे तर एकदा नुसत्या फोडणीने अख्खं घर रात्री बाहेर थंडीत उभं होतं.