फॉर्म राहू दे, आधी त्याचा दिवस लिहा

प्रश्न : ताई, माझा भाऊ २४ वर्षांचा आहे. बौद्धिक अपंगत्व आहे, बोलणं स्पष्ट नाही, चार-पाच शब्द तेवढे आम्हा घरच्यांना कळतात. तो जातो त्या केंद्राने ‘वैयक्तिक नियोजन’ म्हणून फॉर्म भरायला दिलाय. मागचा काढून बघितला तर ध्येयं काय, तर ५० पर्यंत आकडे, रंग ओळखणे, एका जागी बसणे. सलग चौथं वर्ष हेच चाललंय. आईबाबा थकलेत, पुढे त्याला मीच बघणार. ह्या फॉर्ममध्ये लिहायचं तरी काय?

उत्तर : चार वर्षं तेच ध्येय असेल तर चूक ध्येयाची आहे, भावाची नाही. ५० पर्यंतचे आकडे त्याला दिवसभरात कुठे लागतात ते एकदा विचारा बरं केंद्राला.

फॉर्म सध्या बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि आठवडाभर त्याचा दिवस जसा जातो तसा लिहून काढा, म्हणजे उठवतं कोण, कपडे कोण निवडतं, कुठे खुलतो, कुठे बिनसतं, कशाला खरंच मदत लागते आणि कुठे आपणच घाई म्हणून मधे हात घालतो (हे प्रामाणिकपणे लिहा हं, सगळेच घालतो, मीपण घातलाय). मग त्यातून दोन याद्या करा, एक त्याला स्वतःला काय हवंसं वाटतं त्याची, दुसरी त्याच्या तब्येतीसाठी, सुरक्षिततेसाठी काय गरजेचं आहे त्याची. दुसरी यादी पानभर होते आणि पहिली दोन ओळींत संपते, बहुतेक घरांत असंच होतं, आणि नेमकं तिथेच नियोजन फसतं. समजा फिटची गोळी घ्यायला तो रोज कटकट करतो आणि संध्याकाळी खिडकीत बसून गाड्या बघणं त्याला जीव की प्राण आहे, तर त्या वेळची गोळी खिडकीतच द्या ना. दोन्ही याद्या अशा एकमेकींत गुंतवणं, हेच नियोजन.

आता सगळ्यात महत्त्वाचं पान, जे फॉर्ममध्ये बहुतेक नसतंच. तीन रकाने आखा : तो काय करतो, आपल्या मते त्याचा अर्थ काय, आपण काय करायचं. उदाहरणार्थ, शर्टाची कॉलर ओढायला लागला म्हणजे आवाज असह्य होतोय, पाच मिनिटं शांत जागी न्यायचं आणि तेव्हा प्रश्नांचा भडिमार करायचा नाही. हे आईच्या डोक्यात पक्कं असतं पण कागदावर नसतं, मग नवीन माणूस आला की तो दोन दिवसांत ‘चिडका आहे’ असा शिक्का मारून मोकळा. ‘एका जागी बसत नाही’ याचंही तेच. दोन आठवडे नोंद ठेवा, उठण्याआधी काय घडलं, तो उठून कुठे गेला, नंतर काय झालं. कदाचित खुर्ची पंख्याखाली असेल, कदाचित काम कंटाळवाणं असेल, मला तर दुसऱ्याचीच जास्त शंका येतेय. आणि वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट डॉक्टरांना दाखवा, ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं.

ध्येय लिहायचंच तर असं लिहा : ‘जॅकेटची चेन स्वतः लावेल.’ खालचं टोक तुम्ही अडकवा, चेन जवळजवळ वरपर्यंत आणा, शेवटचं बोटभर त्याला ओढू दे. जमलं की अर्ध्यापासून, मग खालून. असं शेवटाकडून मागे यायचं कारण पहिल्या दिवसापासून काम त्याच्या हातून पूर्ण होतं, आणि ती मजा त्याला कळते. नुसतं ‘मदत लागते’ लिहू नका, आठवण करावी लागते की करून दाखवावं लागतं की हात धरावा लागतो ते लिहा, कोण करणार आणि तीन महिन्यांनी कुठल्या तारखेला परत बघणार तेही.

‘पुढे मीच बघणार’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्याला विचारलंय का? रागावू नका. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे २००६चा, त्याच्या कलम १९ मध्ये कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी इतरांसारखीच मिळायला हवी असं म्हटलंय. बोलता येत नसेल तर फोटो दाखवून विचारा, पण दोनदा विचारा आणि दुसऱ्यांदा फोटोंची जागा बदला, कारण बरेच जण शेवटी दाखवलेलं किंवा एकाच बाजूचं उचलतात आणि आपण त्यालाच निवड समजून बसतो.

प्रश्न : अपघातात मानेला इजा झाली, खांद्याखाली हालचाल नाही. मदतनीस येतो, पण कधी उठायचं, कुठे बसायचं सगळं घरचे त्यालाच सांगतात. मी बोललो की हट्टी ठरतो. माझं नियोजन मीच करू शकतो का?

उत्तर : करू शकता काय, तुम्हीच करायला हवं. पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ हालचाल नसलेले एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९७२मध्ये अमेरिकेत बर्कली इथे स्वतंत्र जगण्याचं केंद्र सुरू केलं, ते याच मुद्द्यावर : हात दुसऱ्याचे असले तरी ठरवणारे आपण. कूस किती वेळाने बदलायची ते डॉक्टरांचं ऐका, जखमा होऊ नयेत म्हणून, तिथे वाद नको. बाकी उठायची वेळ, कपडे, दार उघडं की बंद, हे तुमचं. सूचनांचा कागद तुम्ही बोलून कुणाकडून तरी लिहून घ्या, भिंतीवर लावा, आणि घरच्यांना सांगा की मदतनीसाला सूचना मीच देणार. सुरुवात पलंगावरून खुर्चीत घेण्यापासून करा : आधी ब्रेक, मग फूटरेस्ट बाजूला, आणि ‘एक, दोन, तीन’ तुम्ही मोजायचं, तीन म्हणेपर्यंत कुणी उचलायचं नाही.