एकाच ज्वालेचे दोन वर्ग : एक्स ९.३ की एक्स १३.३?

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. ६ सप्टेंबर २०१७ ची सौरज्वाला यादीत एक्स ९.३ आहे (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग), तुमच्या फाइलमधून एक्स १३.३ निघते, गाइड म्हणतात कोड चुकला. शिवाय एआयएचा (नासाच्या एसडीओ या सूर्य-निरीक्षक उपग्रहावरची दुर्बीण) १३१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतोय. नागपुरात हा विषय करणारं जवळपास कुणी नाही, म्हणून इथे विचारताय, असंही लिहिलंय.

कोड चुकलेला नाही. दोन्ही आकडे एकाच ज्वालेचे आहेत, माप तेवढं वेगळं आहे. (सनपाय हे सौर डेटाचं पायथन पॅकेज बसवणं, फिट्स प्रकारच्या डेटा-फाइली उघडणं तुम्हाला येतंच, ते सोडतो.)

ज्वालांचे वर्ग गोएस या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या क्ष-किरण मापांवरून ठरतात. त्यांतल्या गोएस-८ ते गोएस-१५ या उपग्रहांचा रोजच्या वापराचा क्ष-किरण डेटा आधीच्या उपग्रहांशी जुळावा म्हणून कमी करून दिला जायचा. १ ते ८ अँगस्ट्रॉमचा लांब चॅनेल (तरंगलांबीचा पट्टा) ०.७ ने गुणलेला, ०.५ ते ४ चा आखूड चॅनेल ०.८५ ने. ज्वालेचा वर्ग लांब चॅनेलच्या शिखरावरून ठरतो, त्यामुळे त्या काळातले सगळे वर्ग दबलेले आहेत. ९.३ भागिले ०.७ म्हणजे १३.३. गोएस-१६ पासून हा गुणक काढून टाकला. म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स ९.० ही खऱ्या मापातली. २०१७ च्या ९.३ शेजारी ती ठेवली की दोन्ही सारख्याच वाटतात. जुन्या मापात ती एक्स ६.३ भरते. तुम्हाला दोन सौरचक्रांची तुलना करायची आहे, तर इथे चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

माझे चार महिने याच गुणकात गेले. डेटा देणाऱ्या एका कार्यालयाला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा एकच उत्तर : फाइल प्रमाणित आहे, तुमचा प्रोग्रॅम तपासा. गुणकाचा एक शब्द नाही. माहिती असणाऱ्याने एका ओळीत सांगायची गोष्ट असते ही. विद्यार्थ्याला असं परत पाठवणं मला आजही खटकतं.

पण घाईने सगळ्याला ०.७ ने भागत सुटू नका. गोएस-१५ चाच डेटा आता दोन रूपांत फिरतोय : जुन्या फिट्स फाइलींत गुणक आहे, नव्याने प्रक्रिया केलेल्या नेटसीडीएफ (दुसरा डेटा-प्रकार) फाइलींत तो काढलेला आहे. शिवाय ज्वालेचं तापमान काढणाऱ्या काही जुन्या रूटीन (तयार प्रोग्रॅम) आत स्वतःच भागाकार करतात. दुरुस्त फाइल त्यांना दिली की दोनदा भागलं जातं आणि काहीही एरर येत नाही. उलट, गुणक ठेवूनच तापमान काढलं तर आखूड-लांब चॅनेलचं गुणोत्तर ०.८५ भागिले ०.७, म्हणजे १.२१ पट फुगतं आणि ज्वाला आहे त्याहून गरम दिसते. ओळखायची सोपी रीत : २०१७ ची हीच ज्वाला त्याच प्रकारच्या फाइलमधून काढा, १ मिनिटाच्या सरासरीचं शिखर बघा. ९.३ × १०⁻⁴ वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास आलं तर गुणक आहे, १३.३ आलं तर नाही. आणि माझं ठाम मत : कोणतं माप वापरलं ते तक्त्यात स्वतंत्र रकान्यात लिहिलं नसेल, तर तो तक्ता वापरू नये.

आता करवत. एआयए दर १२ सेकंदांनी चित्र घेतो. एरवी एक्स्पोजर २ ते ३ सेकंदांचं असतं. ज्वाला भडकली की यंत्र आपोआप एक आड एक चित्राचं एक्स्पोजर कमी करतं. तुम्ही लेव्हल १ चे (एक्स्पोजरने न भागलेले) पिक्सल थेट बेरजेला घेतलेत, म्हणून एक बिंदू वर, एक खाली. फाइलच्या हेडरमधल्या ईएक्सपीटाइमने, म्हणजे एक्स्पोजरच्या सेकंदांनी, प्रत्येक चित्र भागा, करवत जाईल. तरी शिखराजवळचे पिक्सल १६,००० च्या वर अडकलेले दिसले तर ते भरून वाहिलेत, भागाकाराने परत येत नाहीत. तिथे फक्त कमी एक्स्पोजरची चित्रं ठेवा. वर्षावर्षांची तुलना असेल तर डिग्रेडेशनची (यंत्राची संवेदनशीलता घटत जाण्याची) दुरुस्तीही हवी, ३०४ आणि ३३५ अँगस्ट्रॉमच्या चॅनेलना तर नक्कीच.

सूर्याची पूर्ण चकती उतरवू नका. ४०९६ × ४०९६ ची चित्रं, तासाला एका चॅनेलची ३००; हॉस्टेलच्या वायफायचं काय होईल सांगायला नको. जेएसओसी या एसडीओच्या डेटा-केंद्राकडून सक्रिय भागाचाच ५०० × ५०० आर्कसेकंदांचा तुकडा मागवा.

मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही आठवडे एसडीओच्या डेटात रोज खिंडार दिसेल, जास्तीत जास्त ७२ मिनिटांचं. पृथ्वी आड येते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे बारा-साडेबारा, म्हणजे नागपुरात सूर्य डोक्यावर! त्या वेळेसाठी उदयपूरच्या सौर वेधशाळेची एच-अल्फा (हायड्रोजनच्या लाल प्रकाशातली) चित्रं बघा, किंवा भारताचं आदित्य-एल१ यान : तो पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल१ बिंदूभोवती असल्याने त्याच्या आड पृथ्वी येत नाही. त्याची सोलेक्स (२ ते २२ केईव्ही ऊर्जेचे क्ष-किरण) आणि हेलिओस (कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण) या यंत्रांचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून मिळतो. मात्र ६ जानेवारी २०२४ ला तो कक्षेत पोचला, २०१७ साठी उपयोग नाही.

वेळा जुळवताना : एआयए यूटीसीत (जागतिक वेळ), एसडीओवरच्याच एचएमआय यंत्राच्या टीएआय (आण्विक घड्याळाच्या) वेळा ३७ सेकंद पुढे, आदित्यला प्रकाश आपल्याआधी सुमारे ५ सेकंद. सोलर ऑर्बिटर या युरोपीय यानावरच्या स्टिक्स या क्ष-किरण यंत्राचा डेटा घेतलात तर यान सूर्यापासून ०.३ खगोलीय एककावर असताना फरक जवळपास ५ मिनिटं ५० सेकंदांचा होतो. मी कुठल्याही मोहिमेच्या चमूत नाही, तेव्हा यंत्राच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिकाच धरा.

फाइलचं पूर्ण नाव आणि लांब चॅनेलचं शिखर इथे टाका. गाइडना दाखवायला तेवढ्या दोन ओळी पुरतील.