गेमची तारीख पुढे गेली म्हणून मुलगा जेवत नाही, हे व्यसन आहे का?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या गेमचे प्रकाशन नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसऱ्यांदा लांबणीवर पडले. आधी २०२५ मध्येच येईल असे सांगितलेला हा गेम २६ मे २०२६ वर गेला होता, तो आता १९ नोव्हेंबर २०२६ वर गेला; पीसीवर, म्हणजे संगणकावर खेळणाऱ्यांच्या वाट्याला तर तीही तारीख आली नाही, कारण घोषणा केवळ कन्सोलपुरती, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खास गेमयंत्रांपुरती होती. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या अनेक पालकांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला. मुलगा शिकलेला आहे, एरवी समजूतदार आहे, आणि एका खेळाची तारीख पुढे गेली म्हणून तो दोन दिवस नीट जेवला नाही, कोणाशी धड बोलला नाही, त्या कंपनीच्या माणसांना इंटरनेटवर वाटेल ते लिहीत बसला. हे व्यसन आहे का?

या प्रश्नाचे उत्तर मला २०२० च्या अखेरीस भेटलेल्या एका तरुणाच्या आधारे द्यावेसे वाटते. त्याने लिहिण्याची परवानगी दिली आहे आणि त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तो बावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी अभियांत्रिकीची पदवी घेऊन, टाळेबंदीमुळे पुण्यातली खोली सोडून सातारा जिल्ह्यातल्या आपल्या घरी आला होता. पहिला फोन त्याच्या आईचा आला. “मॅडम, हा असा नव्हता हो,” त्या म्हणाल्या, “घरात कधी आवाज चढवून बोलला नाही.” त्याच्या मोठ्या बहिणीने त्याच्या संगणकावर एक संदेश पाहिला होता. पोलंडमधल्या एका अनोळखी माणसाला उद्देशून त्याने इंग्रजीत लिहिले होते की तू कुठे राहतोस हे आम्ही शोधून काढू. तो माणूस ‘सायबरपंक २०७७’ हा गेम बनवणाऱ्या चमूत काम करत होता, आणि त्या गेमची तारीख आणखी एकदा पुढे गेली होती.

या रागामागे काय घडले होते हे पालकांना बहुधा ठाऊक नसते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते. वॉर्सा येथील ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या कंपनीने हा गेम २०१२ मध्ये जाहीर केला. जून २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेममेळाव्यात अभिनेता किआनू रीव्हज याला मंचावर आणून १६ एप्रिल २०२० ही तारीख सांगितली गेली. जानेवारी २०२० मध्ये ती १७ सप्टेंबर झाली, जूनमध्ये १९ नोव्हेंबर झाली. प्रत्येक वेळी पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत एक निवेदन यायचे, इतके की तो पिवळा चौकोन दिसताच चाहत्यांना मजकूर वाचण्याआधीच कळायचे. ५ ऑक्टोबरला कंपनीने गेम ‘गोल्ड’ झाल्याचे, म्हणजे त्याची डिस्कवर छापण्याची प्रत तयार झाल्याचे सांगितले, आणि आता तारीख हलणार नाही असे सर्वांनी धरून चालले. एका चाहत्याने कामावरून रजा टाकण्याआधी तारीख पक्की आहे ना, असे विचारले तेव्हा गेमच्या अधिकृत खात्याने त्याला होकार दिला. दुसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, एकवीस दिवसांची नवी मुदत जाहीर झाली आणि १० डिसेंबर ही तारीख मिळाली. जुने कन्सोल, नवे कन्सोल आणि पीसी यांसाठी मिळून नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासायच्या आहेत, असे कारण कंपनीने दिले होते.

त्यानंतर तिथल्या कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ डिझायनरला जाहीरपणे सांगावे लागले. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम जूनमधून ऑगस्टमध्ये गेला तेव्हा त्याचा निर्माता शॉन मरे आणि ती बातमी आधी देणारा पत्रकार या दोघांनाही अशा धमक्या आल्या होत्या. आमचा हा मुलगा एकटा नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याकडे केवळ ‘बिघडलेला मुलगा’ म्हणून पाहणे मला मान्य नव्हते.

आमच्या भेटी व्हिडिओ कॉलवर होत असत. त्या संदेशाविषयी मी सुरुवातीला काही विचारले नाही, गेमविषयी विचारले. तो मोकळेपणाने बोलू लागला. त्या गेममधले शहर, त्यातल्या पावसाळी रस्त्यांवर दिव्यांचे पडणारे प्रतिबिंब, त्यासाठी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून घेतलेले ग्राफिक्स कार्ड, हे सगळे त्याने आनंदाने सांगितले. मग मी विचारले, “१९ तारखेला गेम आला असता तर तू नेमके काय करणार होतास?”

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते आणि भाऊबीज १६ ला. पाहुणे गेल्यावर, फराळाचे डबे खोलीत नेऊन, दार लावून तो खेळणार होता, एवढेच त्याने आधी सांगितले. पण बोलता बोलता दुसऱ्याच तारखा निघू लागल्या. शेवटच्या सत्राची परीक्षा पुढे गेली होती. निकाल उशिरा लागला होता. कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीची रुजू होण्याची तारीख आधी जुलै होती, मग ऑक्टोबर झाली, आणि त्यानंतर ‘लवकरच कळवू’ एवढेच उत्तर येत होते. चुलत बहिणीचे लग्न पुढे गेले होते. वडिलांनी नोकरीची बातमी सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून टाकली होती, त्यामुळे कोणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ‘जॉइन झालास का?’ हाच असे. “मॅडम,” तो म्हणाला, “ही एकच तारीख अशी होती जी कोणी पुसणार नाही असं वाटत होतं.”

एकाच खुंटीवर घरभराचे कपडे टांगले की दोष शेवटच्या सदऱ्याचा नसतो. नोकरी देणाऱ्या कंपनीवर रागवण्याची त्याला सोय नव्हती, कारण नोकरी जाण्याची भीती होती. वडिलांवर रागवणे त्याच्या स्वभावात बसत नव्हते. महामारीवर रागवून ऐकणार कोण? वॉर्सामधला एक अनोळखी माणूस मात्र एका संदेशाच्या अंतरावर होता, आणि त्याच्यावर ओरडण्याची कोणतीही किंमत मोजावी लागणार नाही असे त्याला वाटत होते. गेम लांबला म्हणून टोकाची प्रतिक्रिया देणाऱ्या ज्या तरुणांशी मी आजवर बोलले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत गेमच्या तारखेला असेच काहीतरी जोडलेले निघाले: कोणाच्या दोन परगावी गेलेल्या मित्रांसोबत पुन्हा एकत्र बसण्याचा बेत, कोणाची अवघड वर्ष संपल्याची खूण, कोणाच्या गेलेल्या भावासोबत खेळलेल्या आधीच्या भागाची आठवण. घरच्यांना फक्त गेम दिसतो.

त्याचे वडील मनाने प्रेमळ होते, पण ‘एवढ्याशा गोष्टीसाठी’ हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येत होते. मी त्यांना विनंती केली की हे शब्द काही दिवस वापरू नयेत. निराशा खरी असते, तिचे कारण आपल्याला लहान वाटले तरीही. आणि जो मुलगा लहान गोष्टीविषयी बोलला तेव्हा उडवून लावला गेला, तो मोठ्या गोष्टीविषयी बोलायला त्याच माणसाकडे येत नाही. शिवाय त्याच्या रागातला एक भाग पूर्णपणे रास्त होता. एकवीस दिवसांची वाट पाहणे त्याला जड नव्हते. आदल्या दिवशी पक्का होकार देऊन दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला गेला, याने तो दुखावला होता. ही दुखावण्याची जागा मी त्याच्यापाशी स्पष्टपणे मान्य केली.

संदेशाविषयी मात्र मी तितक्याच स्पष्टपणे बोलले. निराश होण्याचा, टीका करण्याचा, पैसे परत मागण्याचा त्याला हक्क होता. कोणाला घाबरवण्याचा नव्हता. अशी धमकी कायद्याने गुन्हा ठरू शकते हे मी त्याला सांगितले, पण त्याच्यावर परिणाम झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आम्ही त्या चमूच्या कामाच्या परिस्थितीविषयी आलेल्या बातम्या एकत्र वाचल्या. सक्तीचे जादा काम टाळू असे आधी सांगणाऱ्या कंपनीने सप्टेंबर २०२० च्या अखेरीस कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम करायला सांगितले होते. हा मुलगा ज्या नोकरीची वाट पाहत होता ती सॉफ्टवेअर तपासणीचीच होती. नऊ आवृत्त्या तपासणे म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते, आणि तारखा ठरवणारी माणसे व रात्री जागून दोष शोधणारी माणसे वेगळी असतात हेही त्याला उमगले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला की आपण ज्याला लिहिले तो कदाचित दोन-चार वर्षांनंतरचा मीच असेन. त्याने संदेश काढून टाकला आणि दोन ओळींची माफी लिहिली. तिला उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवायची नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते, आणि उत्तर आले नाही.

पुढचे काम साधे होते, पण त्याला वेळ लागला. हिवाळ्यात वॉर्सा आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे तिथला कामाचा दिवस संपेपर्यंत इथे रात्रीचे दहा-साडेदहा होतात. हा मुलगा नवे निवेदन येते का हे पाहत मध्यरात्रीपर्यंत फोन हातात धरून बसे आणि मग झोप उडे. बातमी सकाळी, न्याहारीनंतर एकदाच पाहायची, असे त्याने स्वतः ठरवले. गेम त्याने ‘स्टीम’ या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून आगाऊ विकत घेतला होता. प्रकाशनापूर्वी कधीही पैसे परत मागता येतात, आणि प्रकाशनानंतरही चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असल्यास मागता येतात, हा नियम त्याला माहीत होता, पण आपल्या हाती तेवढी सत्ता आहे याचा त्याने विचार केला नव्हता. त्याने पैसे परत घेतले नाहीत. ते घेता येतात हे लक्षात आल्यावर मात्र त्याच्या बोलण्यातली अगतिकता कमी झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने नोकरी देणाऱ्या कंपनीला एक सभ्य, नेमके पत्र लिहिले. तारीख सांगता येत नसेल तर प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे तेवढे कळवावे, असे त्यात विचारले होते. उत्तर आले, त्यात तारीख नव्हती, पण त्याची जागा कायम असल्याचे लिहिले होते. त्या रात्री तो वडिलांसोबत जेवायला बसला, असे त्याच्या आईने कळवले.

या काळात त्याचे मित्र त्याला धीर देताना म्हणत की उशिरा येणारा गेम चांगलाच असतो. मी या समजुतीचा आधार घेतला नाही आणि पालकांनीही घेऊ नये असे मला वाटते, कारण तो टिकत नाही. ‘हाफ-लाइफ २’ सप्टेंबर २००३ ऐवजी नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि नावाजला गेला; ‘ड्यूक नूकेम फॉरएव्हर’ १९९७ मध्ये जाहीर होऊन २०११ मध्ये आला आणि त्याने निराशाच केली. युक्रेनमधल्या चमूचा ‘स्टॉकर २’ एप्रिल २०२२ वरून अनेकदा पुढे जात नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, आणि त्या विलंबातला मोठा भाग युद्धाचा होता. उशीर का झाला हे समजून घेता येते, पण उशीर झाला म्हणून फळ गोड निघेलच असे आश्वासन देणे म्हणजे मुलाच्या हातात पुन्हा एक खात्री नसलेली तारीख देणे आहे. ‘सायबरपंक’ १० डिसेंबरला आला तो जुन्या कन्सोलवर इतक्या वाईट अवस्थेत की ‘प्लेस्टेशन’ हे कन्सोल बनवणाऱ्या सोनीने १७ डिसेंबरला तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो तिथे परतला जून २०२१ मध्ये. पीसीवर तो त्या मानाने बरा चालला. आमच्या मुलाने तो खेळला, त्यातल्या दोषांची यादी करून कंपनीकडे पाठवली, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नोकरीवर रुजू झाला.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगशी संबंधित विकाराची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक प्राधान्य मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे असून ती सर्वसाधारणपणे किमान बारा महिने दिसावी लागतात. जो गेम अजून हातातच आलेला नाही त्याच्यासाठी दोन-चार दिवस खिन्न राहणे, चिडणे, जेवणावरून लक्ष उडणे यांतून हा विकार सिद्ध होत नाही. त्या दिवसांत मुलाला उपदेश न करता ‘ती तारीख आली असती तर तू काय करणार होतास, कोणासोबत करणार होतास?’ एवढे विचारावे आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकावे. दोन आठवडे उलटूनही झोप व जेवण पूर्वपदावर आले नाही, कॉलेज किंवा काम सुटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे. आणि मुलाच्या तोंडी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा आली, तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. जवळपास कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीतून बोलता येते, आणि पालक स्वतःच्या काळजीसाठीही तिथे फोन करू शकतात.