'द बीच' ही कादंबरी काहींना प्रचंड आवडते, काही अर्ध्यात सोडून देतात. असं का? सिनेमा पाहिला असेल तरी वाचावी का?

वाचा. पण सिनेमा डोक्यात ठेवून वाचायला बसलात तर मधल्या भागात तुम्हीही पुस्तक मिटून ठेवाल आणि "काही घडतच नाही" म्हणणाऱ्यांत सामील व्हाल.

तुम्ही लिहिलंय की एक जण म्हणतो असं पुस्तक पुन्हा होणे नाही आणि दुसरा म्हणतो एका स्वार्थी पोराची बडबड आहे. या दुसऱ्या वाक्यावर माझा जीव जळतो. पोरगा स्वार्थी आहेच, कोण नाही म्हणतंय? ॲलेक्स गारलंडने 1996 साली आपल्या या पहिल्याच कादंबरीत रिचर्ड तसाच लिहिलाय आणि पहिल्या काही प्रकरणांतच त्याचा पुरावा आपल्या हातात दिलाय. बँकॉकमध्ये, स्वस्तात भटकणाऱ्या परदेशी पोरांच्या खाओ सान रोडवर, शेजारच्या खोलीतला माणूस एका गुप्त बेटाचा नकाशा मागे ठेवून जीव देतो. रिचर्ड तो नकाशा घेऊन एतिएन आणि फ्रान्स्वाज या फ्रेंच जोडप्याबरोबर निघतो. कोह सामुई बेटावर झेफ आणि सॅमी हे दोघं अमेरिकन भेटतात. पुढे निघण्याआधी रिचर्ड नकाशाची नक्कल काढून गुपचूप त्यांच्या दाराखालून सरकवतो आणि बरोबरच्या दोघांना त्याचा पत्ताही लागू देत नाही. आपल्याला काही झालंच तर कुणाला तरी ठिकाण माहीत असावं, एवढाच त्याचा विचार. पुढचं सगळं त्या एका कागदातून निघतं. ज्या वाचकाच्या हे लक्षात राहतं त्याला पुढची प्रत्येक सुंदर संध्याकाळ टोचत राहते. ज्याच्या नजरेतून ते निसटतं त्याच्या हाती नुसतं समुद्रकिनाऱ्याचं वर्णन उरतं, आणि तेवढ्यासाठी चारशेच्या वर पानं कोण वाचेल?

मतं फुटतात ती खरं तर मधल्या भागावर. तिथे मासे मारणं आहे, स्वयंपाक आहे, बाग आहे, कुणाला कुठल्या कामाला लावायचं यावरून कुरबुरी आहेत. अनेकांना हा भाग रटाळ वाटतो. माझ्या मते कादंबरी तिथेच आहे.

बेटावर जगापासून लपून छावणी करून राहणारी तीसेक भटकी माणसं आहेत. मासे लगूनमध्ये, म्हणजे खडकांनी वेढलेल्या समुद्राच्या शांत पाण्यात, भाल्याने मारतात, भाजी बागेत होते, धबधब्याचं गोडं पाणी आहे, सुतारकाम करणारे वेगळे आहेत. गांजा बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या मळ्यातून येतो. त्या मळ्यावर बंदूकधारी पहारेकरी आहेत. सगळं स्वयंपूर्ण वाटतं. फक्त तांदूळ पिकत नाही.

जरा हिशोब करा. हा हिशोब माझा, पुस्तकातला नाही. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दोन वेळचे मिळून 300 ग्रॅम कच्चे तांदूळ सहज लागतात. तीस माणसांचे रोजचे 9 किलो झाले, महिन्याचे 270. पन्नास किलोचं पोतं सहाव्या दिवशी तळाला जातं. आता ही पोती उष्ण, दमट बेटावर ठेवायची आहेत, तीही डोक्यावर धड छप्पर नसताना. तांदळातला ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला की बुरशी ठरलेली. जमिनीपासून उंच फळी नसेल, हवा खेळत नसेल, तर खालच्या पोत्यांना आधी वास येतो आणि आपल्याला कळेपर्यंत वरचीही गेलेली असतात. कादंबरीत नेमकं हेच होतं. साठ्याला बुरशी लागते आणि छावणीतला जेड आणि रिचर्ड होडी घेऊन कोह फांगान या पर्यटकांनी गजबजलेल्या बेटावर तांदूळ आणायला निघतात.

हे प्रकरण दोनदा वाचण्यासारखं आहे. ज्या गर्दीपासून पळून ही मंडळी बेटावर आली, तिच्याच दुकानांपुढे ती पोती भरायला उभी आहेत. कीटी नावाच्या मित्राच्या गेम बॉयसाठी रिचर्ड बॅटऱ्याही घेतो. म्हणजे स्वर्गात भात आणि करमणूक दोन्ही बाहेरची. आणि फांगानवरच झेफ आणि सॅमी पुन्हा दिसतात, त्या नकाशाबद्दल बोलताना. जेडच्या कानावर ते पडतं. तिथून पुढे रिचर्डचं गुपित एकट्याचं राहत नाही. तांदूळ कोरडा राहिला असता तर ही भेटच झाली नसती!

खाओ सान या शब्दांचा थाई अर्थ कांडून साल काढलेला तांदूळ. तिथे पूर्वी तांदळाचा बाजार होता. लेखकाने हे ठरवून जुळवलं असा माझा दावा नाही, पण तांदळाच्या रस्त्यावरून निघालेली माणसं तांदळापाशीच अडतात, हे एकदा डोळ्यांपुढे आलं की जात नाही.

मग स्क्विड, म्हणजे माकुळ. कीटी मासे मारायला लागतो आणि आधीच मेलेले स्क्विड घेऊन येतो. ते सगळ्यांच्या जेवणात जातात. पुढचं प्रकरण जेवताना वाचू नका. जवळजवळ अख्खी छावणी ओकाऱ्या आणि जुलाबांनी आडवी होते आणि धड उभं राहता येईल अशी मोजकीच माणसं उरतात. काही वाचकांना हा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटतो. त्यांना एवढंच सांगेन की उष्ण हवेत मेलेलं स्क्विड काही तासांत खराब होतं. शिजवल्याने जंतू मरतात, पण तोवर त्यांनी तयार केलेली काही विषं उष्णतेलाही दाद देत नाहीत. पकडताना ते जिवंत होतं का, हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर निभावलं असतं. पण बेटावर कुणाच्या चुकीबद्दल विचारणं म्हणजे वातावरण बिघडवणं, आणि वातावरण बिघडवायचं नाही हा तिथला न लिहिलेला नियम आहे.

त्याच सुमाराला लगूनच्या बाहेर मासे मारणाऱ्या तिघा स्वीडिश पोरांवर शार्क येतो. स्टेन मरतो. ख्रिस्तो आतल्या जखमांनी दिवसेंदिवस झिजतो. कार्लच्या अंगावर ओरखडाही नसतो, पण तो मनाने उद्ध्वस्त होऊन किनाऱ्यावर नुसता बसून राहतो. डॉक्टर आणायचा नाही, कारण डॉक्टर आला की ठिकाण फुटणार. जेड ख्रिस्तोजवळ बसतो, एतिएन कार्लला खाऊ घालतो, आणि बाकीच्यांना हळूहळू या दोघा आजाऱ्यांचाच त्रास व्हायला लागतो. इथे कुणी ओरडत नाही, कुणी खलनायकासारखं वागत नाही. लोक फक्त त्या बाजूला जाणं टाळतात. किनाऱ्यावर बसलेल्या त्या पोराला वळसा घालून पोहायला जाणारी माणसं, हे चित्र मला शेवटच्या सगळ्या रक्तपातापेक्षा भयंकर वाटतं.

पुष्कळ वाचक या कादंबरीची तुलना 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांच्या गोष्टीशी करतात आणि मग म्हणतात, "हे आधी वाचलंय." तुलनाच चुकीची आहे. तिथली मुलं अडकलेली असतात. इथे होडी आहे, फांगान जवळ आहे, वाट्टेल तेव्हा निघता येतं. तरी कुणी निघत नाही. त्यामुळे "परिस्थितीने माणूस असा झाला" ही पळवाटच लेखकाने ठेवलेली नाही.

आता सिनेमा. 2000 साली डॅनी बॉइलने केलेल्या सिनेमात रिचर्ड इंग्रज नाही, अमेरिकन आहे, आणि फ्रान्स्वाजबरोबर त्याचं रीतसर प्रेमप्रकरण आहे. कादंबरीत तो तिच्याकडे बघत राहतो, झुरतो, पण जोडपं जमत नाही. जेड हे पात्र सिनेमात नाहीच. तांदळाला रिचर्डबरोबर छावणीची म्होरकी सॅल जाते, नकाशाचं तिला कळतं आणि त्या बदल्यात ती त्याला अंथरुणात ओढते. कादंबरीतली सॅल असलं काही करत नाही. ती गोड आवाजात कामं वाटते आणि लोक ती करतात, यातच तिचा धाक आहे. जेड गेला म्हणजे पुस्तकातला शहाणा, थकलेला साक्षीदारच गेला. सिनेमा आवडला नाही म्हणून पुस्तक नको म्हणणारे आणि सिनेमासारखं प्रेम पुस्तकात नाही म्हणून रुसणारे, दोघांनीही अजून कादंबरीवर मत दिलेलं नाही.

"ही कादंबरी तरुणांना असली ठिकाणं शोधत भटकायला लावते" हा आरोपही जुना आहे आणि तो एकदा नीट खोडायलाच हवा. कादंबरीतलं बेट थायलंडच्या आखातात आहे, सामुईजवळच्या आंग थोंग सागरी उद्यानाच्या परिसरात. लोक धावले ते अंदमान समुद्रातल्या कोह फी फी ले बेटावरच्या माया बेकडे, म्हणजे देशाच्या दुसऱ्या बाजूला, कारण सिनेमा तिथे चित्रित झाला. आणि पडद्यावर दिसते तशी ती जागाही नाही. खाडीचं तोंड समुद्राकडे उघडं आहे, ते बंद दिसावं म्हणून संगणकावर डोंगर जोडले. चित्रीकरणासाठी वाळूचे उंचवटे सपाट केले, तिथली झुडपं काढली, नारळाची साठेक झाडं आणून लावली. त्यावरून खटला झाला आणि नुकसान झाल्याचं थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये उचलून धरलं. पुढे गर्दी दिवसाला हजारोंवर गेली. होड्यांच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी प्रवाळ मोडलं आणि 1 जून 2018 पासून खाडी बंद करावी लागली. ती उघडली थेट 1 जानेवारी 2022 ला. आता होड्या खाडीत शिरत नाहीत, मागच्या लो समा खाडीच्या धक्क्याला लागतात. तिथून चालत जायचं, ठरावीक वेळ थांबायचं, पोहायचं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती दर वर्षी बंद असते. माणसं हटल्यावर काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क तिथे परत आले. हे सगळं घडवलं त्या सिनेमाने. कादंबरी वाचून त्या बेटावर राहावंसं वाटत असेल, तर ती शेवटपर्यंत वाचलेली नाही, असं मी सरळ म्हणेन.

नावडणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. थायलंडमध्ये घडणाऱ्या या गोष्टीत थाई माणसं जवळजवळ नाहीत. होडीवाले, लॉजवरचे नोकर, बंदूकधारी पहारेकरी, बस. या भटक्यांना स्थानिक माणसं दिसतच नाहीत हे दाखवायचं होतं, असा बचाव करता येतो आणि मला तो अर्धाच पटतो. फ्रान्स्वाजचंही तेच, तिचं देखणेपण सोडलं तर हाताला फार काही लागत नाही. रिचर्ड जंगलात टेहळणी करताना आपण व्हिएतनामच्या युद्धात आहोत असं खेळत राहतो आणि बँकॉकमध्ये मेलेला तो शेजारी भुतासारखा येऊन गप्पा मारतो. हा भाग काहींना पोरकट वाटतो. तो पोरकटच असायला हवा. युद्धाचे सिनेमे आणि व्हिडिओ गेम यांवर वाढलेला हा मुलगा आहे, आणि समोर खरी माणसं मरायला येत असताना त्याला ते खेळासारखं दिसतं. तरी तिथली काही पानं कमी चालली असती.

आणि रक्त सहन होत नसेल तर टेट या छावणीच्या वार्षिक सणाच्या मेजवानीपासून पुढे जपून. पहारेकरी मारलेल्यांची प्रेतं छावणीत आणून टाकतात आणि त्यानंतर छावणीतली माणसं जे करतात ते गारलंड झाकून सांगत नाही.

तुम्हाला जमेल का हे ठरवायला पूर्ण पुस्तक संपवायची गरज नाही. प्रकरणं छोटी आहेत, भाषा सोपी आहे. नकाशा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो तेवढं पेन्सिलीने समासात टिपत जा आणि तांदूळ आणून होडी बेटावर परत लागेपर्यंत वाचा. फांगानच्या गर्दीतून परत आल्यावर तुम्हालाही रिचर्डसारखं हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची जराशी लाज वाटली, तर पुढे चला. दोन्हीतलं काहीच झालं नाही तर बिनधास्त सोडून द्या.