नर की मादी: संसर्गाच्या दृष्टीने काय पाहावे

पहिल्यांदाच कुत्रा पाळताना नर घ्यावा की मादी, या निर्णयात आजारांची भीती फार मोठी करू नका. पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीज यांच्या लसी दोघांनाही एकाच वेळापत्रकाने द्याव्या लागतात आणि त्या चुकवणे हीच नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक असते.

खरा फरक दिसतो तो नसबंदी न केलेल्या मादीत. माजानंतर साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड राहते, तिथे बहुधा ई. कोलाय जीवाणू वाढतात आणि पू साठतो. यालाच पायोमेट्रा म्हणतात. या काळात तिचे पाणी पिणे वाढले, खाणे सुटले किंवा ती मलूल झाली, तर स्राव दिसत नसला तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, कारण गर्भाशयमुख बंद असल्यास पू बाहेर येतच नाही आणि तोच प्रकार अधिक घातक असतो. घरात उरलेली प्रतिजैविके देऊन वाट पाहणे तर अजिबात नको.

नराचा धोका बराचसा भटकण्यातून येतो: मारामारीतले चावे, आणि समागमातून पसरणारा ब्रुसेलोसिस हा जीवाणूंचा आजार (जो माणसालाही होऊ शकतो). त्याला मोकळा सोडू नका. नसबंदीचे योग्य वय जातीनुसार बदलते. ते पहिल्याच भेटीत पशुवैद्यांना विचारून ठेवा.