बर्कली कुणाचा?

प्रश्न : ताई, आमच्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेत ‘तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली कुठला?’ असं विचारलं होतं. नातीनं ‘आयरिश’ सांगितलं, परीक्षकांनी ‘इंग्रज’ म्हणत गुण कापले. ती आता डब्लिनला शिकायला निघाली आहे, त्यामुळे तिला ते फारच लागलं. खरं काय? आणि आयर्लंडात असे विद्वान झाले तरी कोण कोण?
— एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आजोबा, गुण नातीचेच.

बर्कली १६८५ साली किल्केनी परगण्यात जन्मला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला आणि पुढं तिथंच शिकवू लागला. १७३४ साली क्लॉइनचा बिशप झाला, तेही आयर्लंडातच. घराणं मूळचं इंग्लंडचं, म्हणून ही गफलत होते. पण मग तुमच्या-माझ्या खापरपणज्यांनी पुण्या-साताऱ्याकडून येऊन इथं गायकवाडांची चाकरी धरली, म्हणून आपण बडोद्याचे नाही की काय? शिवाय बर्कलीनं स्वतःच कौल देऊन ठेवला आहे. तरुणपणी लिहिलेल्या टिपणवहीत तो म्हणतो, काही जण सांगतात की भिंत पांढरी नसते, विस्तव गरम नसतो. आम्हा आयरिश लोकांना असली सत्यं काही झेपत नाहीत! परीक्षकांना एवढं दाखवा.

गंमत म्हणजे असं लिहिणाऱ्यानंच १७१०च्या ग्रंथात जडद्रव्य नावाची वस्तूच निकालात काढली. असणं म्हणजे जाणवणं, एवढंच. कॉलेजात हे शिकवताना दरवर्षी कुणीतरी विचारायचं, “बाई, मी वर्गात बसलोय, मग बाहेर माझी सायकल आहे की नाही?” आहे, आणि पावसात भिजतेही आहे, कारण देव पाहतोय, हे बर्कलीचं उत्तर. आपल्याकडचे विज्ञानवादी बौद्ध (म्हणजे जे काही आहे ते चित्तातच, असं मानणारे) बाह्य वस्तू नाकारताना असा देव मधे आणत नाहीत. मला ते जास्त धीराचं वाटतं. (याच बर्कलीनं आयर्लंडच्या दारिद्र्यावर एक अख्खं पुस्तक नुसत्या प्रश्नांचं लिहिलं. शेकडो प्रश्न, उत्तर एकाचंही नाही. हे सदर चालवणारीला हेवा वाटणारच.) नातीला एक सांगून ठेवा : ट्रिनिटीत बर्कलीच्या नावाचं ग्रंथालय होतं. तो अमेरिकेत असताना त्यानं गुलाम विकत घेतले होते, म्हणून २०२३ साली ते नाव काढायचं ठरलं.

त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, योहान्नेस स्कोटस एरियुगेना हा तत्त्वज्ञ झाला. ‘एरियुगेना’ म्हणजेच आयर्लंडात जन्मलेला, आणि त्या काळी ‘स्कोटस’ म्हणत तेही आयरिश माणसाला. तरी लोक त्याला खुशाल स्कॉटलंडला पाठवतात. फ्रान्सच्या चार्ल्स राजाच्या दरबारी राहून त्यानं ग्रीक धर्मग्रंथ लॅटिनमध्ये आणले. स्वतःच्या ग्रंथात त्यानं अस्तित्वाचे चार भाग पाडले : जे निर्माण करतं पण निर्माण झालेलं नाही, इथपासून जे निर्माण करतही नाही आणि निर्माण झालेलंही नाही, इथपर्यंत. पहिला आणि चौथा दोन्ही देवच. सगळं त्याच्यातून निघतं आणि त्याच्यातच परततं. आपल्या वेदान्त्याला यात काही वावगं दिसणार नाही, पण पोपनं १२२५ साली तो ग्रंथ जाळायला सांगितला. पुढं आयर्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर याच एरियुगेनाचं चित्र आलं.

जाळण्यावरून आणखी एक आयरिश विचारवंत, जॉन टोलंड आठवला. धर्मात बुद्धीला न पटणारं गूढ काही नाही, असं त्यानं १६९६ साली छापलं. पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये तिथल्या संसदेच्या हुकमानं पुस्तक जाळलं गेलं. तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचसनही आयर्लंडच्या उत्तरेकडल्या अल्स्टरचा, पण स्कॉटलंडातल्या ग्लासगोत शिकवलं, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथसारखा विद्यार्थी मिळाला आणि तोही स्कॉटिश लोकांच्या खाती जमा झाला.

आणि आता आपल्या गावातली गोष्ट. भगिनी निवेदिता, ज्यांना आपण सर्रास इंग्रज म्हणतो, त्या १८६७ साली आयर्लंडातल्या डंगॅनन गावी धर्मोपदेशकांच्या घराण्यात जन्मल्या. १९०२ साली त्या बडोद्याला आल्या तेव्हा संस्थानच्या नोकरीत असलेले अरविंद घोष त्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. अरविंदांनीच पुढं सांगितलंय : गावात येताना वाटेत कॉलेजची इमारत आणि तिचा तो बोजड घुमट पाहून बाईंनी नाक मुरडलं, आणि शेजारच्या धर्मशाळेचं मात्र कौतुक केलं.

मी त्या घुमटाखालून तीस वर्षं जा-ये केली. मला तो आवडतो.