प्रश्नोत्तराचा तास आवडणाऱ्या मुलीने कोणती वाट धरावी?

सोलापूरहून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. अधिवेशन सुरू असले की संसद टीव्हीवरचा प्रश्नोत्तराचा तास चुकवत नाही, कोणत्या मंत्र्यांनी काय उत्तर दिले ते वहीत उतरवते. ‘या आवडीवर पोट भरेल का, की तिला सरळ एमपीएससीच्या क्लासला घालू?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

दोन्ही जमेल. आधी तिला या कामाचा पडद्यामागचा भाग कळू द्या. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न यादीत असतात. तासाभरात त्यातले मोजकेच तोंडी होतात. उरलेल्यांची आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराच्या) प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. टीव्हीवर दिसते ते फार थोडे. खरे काम कागदावर होते आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना माणसे लागतात.

प्रश्न विचारणाऱ्या बाजूला प्रश्न लिहिता येणारे लागतात. लोकसभेत प्रश्नाची सूचना 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न 150 शब्दांत बसवावा लागतो. त्यात युक्तिवाद, आरोप, उपरोध चालत नाही आणि मंत्र्यांचे मतही विचारता येत नाही. ‘नळयोजना रखडल्या, हे सरकारचे अपयश नाही काय?’ हा प्रश्न दाखलच होणार नाही. जिल्ह्यात मंजूर योजना किती, ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण किती, मुदत उलटलेल्या किती व कोणत्या कारणाने, असे विचारले तर आकडा द्यावा लागतो. तरी एक धोका राहतो. पाणी हा राज्याचा विषय असल्याने गावनिहाय माहिती केंद्राकडे नाही, असे उत्तर येऊ शकते. म्हणून कोणता प्रश्न संसदेत न्यायचा आणि कोणता विधिमंडळात, ही जाण फार मोलाची आहे.

विधिमंडळातील प्रश्नाचा साचा वेगळा आहे. ‘...हे खरे आहे काय, असल्यास चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय?’ नवशिके पहिल्याच भागात तारीख, रक्कम आणि गैरव्यवहार असे सगळे कोंबतात. त्यातले एक जरी चुकले तरी उत्तर येते, ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. अधिवेशनभराची मेहनत एका चुकीच्या तारखेने वाया जाते. पहिल्या भागात एकच, कागदाने सिद्ध होणारी गोष्ट ठेवायची.

उत्तर देणाऱ्या बाजूला मंत्रालयातील कार्यासन, म्हणजे त्या विषयाचे काम पाहणारा कक्ष, असतो. प्रश्न आला की सहायक कक्ष अधिकारी क्षेत्रीय कार्यालयांकडून माहिती मागवतो, मसुदा करतो. तो कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असा वर चढत मंत्र्यांच्या मान्यतेला जातो. तारांकित असेल तर पूरक प्रश्नांसाठी, म्हणजे उत्तरानंतर सभागृहात तोंडी विचारल्या जाणाऱ्या उपप्रश्नांसाठी, वेगळी टिपणी लागते, कारण मंत्री अडचणीत येतात ते बहुधा तिथेच. चुकीची माहिती गेली तर विशेषाधिकारभंगाची, म्हणजे सभागृहाच्या हक्कांना बाधा आणल्याची, सूचना येऊ शकते. केंद्रात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे लिहून वेळ काढता येतो, पण ते आश्वासन धरले जाते, तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

पूरक प्रश्नाचे वजन तिला समजावे म्हणून मुंध्रा प्रकरण अभ्यासायला सांगा. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर 1957 मध्ये लोकसभेत प्रश्न आले, खासदार फिरोझ गांधींनी विषय लावून धरला, चौकशीसाठी छगला आयोग बसला आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

आता वाटा. एमपीएससीच्या गट ब परीक्षेतून मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येते. केंद्रात हेच पद कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरावरील परीक्षेतून (एसएससी सीजीएल) मिळते, मूळ वेतन 44,900 रुपये. लोकसभा, राज्यसभा आणि महाराष्ट्र विधानमंडळ यांची सचिवालये स्वतंत्र भरती करतात. तिथे संशोधन, भाषांतर, प्रतिवेदन (सभागृहातील भाषणे शब्दशः टिपणे) अशी कामे आहेत. मराठी लघुलेखन येत असेल तर प्रतिवेदकाचे पद जरूर पाहा, याकडे मुले उगाच दुर्लक्ष करतात. तिसरी वाट संसदीय कामकाजावर संशोधन करणाऱ्या पीआरएस संस्थेच्या लॅम्प फेलोशिपची. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वयोमर्यादा 25, आणि जवळपास वर्षभर एका खासदारासोबत काम. शिकायला याहून चांगली जागा नाही, पण ती नोकरी नव्हे. स्पर्धा परीक्षेची तयारी बाजूला ठेवून केवळ तिच्या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते.

या वर्षी तिने एकच मंत्रालय निवडावे. लोकसभेच्या संकेतस्थळावरून एका अधिवेशनातील त्याची सगळी उत्तरे उतरवून घ्यावीत. जिथे उत्तर टाळले आहे तिथे खूण करून तोच प्रश्न 150 शब्दांत पुन्हा लिहावा. असे वीस-पंचवीस नमुने मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्राहून जास्त बोलतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. विभागप्रमुखांकडे आत्ताच नाव देऊन ठेवा.

एक गोष्ट आधीच बजावून ठेवा. कुणा लोकप्रतिनिधीकडे काम करताना ऑनलाइन प्रश्न दाखल करण्याचा त्यांचा पासवर्ड स्वतःकडे घ्यायचा नाही आणि बाहेरच्या कुणी ‘एवढा प्रश्न लावा’ म्हणून दिलेला कागद त्यांना न सांगता पुढे सरकवायचा नाही. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये 11 खासदारांची हकालपट्टी झाली होती.